हसता हसता बदललेले घर

दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयी आपल्या घरांतून जी तक्रार ऐकू येते, ती बहुधा रडक्या मालिकांविषयी असते. भरजरी साड्या नेसून झोपणाऱ्या सुना, दाराआडून ऐकणाऱ्या जावा, वर्षानुवर्षे न संपणारी कारस्थाने यांवर घरातील वडीलधारी मंडळी नाराज असतात आणि ती नाराजी योग्यही आहे. विनोदी मालिकांची मात्र कोणी झाडाझडती घेत नाही. घटकाभराची करमणूक म्हणून त्यांना सोडून दिले जाते. वस्तुतः गेल्या चाळीस वर्षांत जे प्रश्न आपण जेवणाच्या पंगतीत काढत नाही, तेच या मालिकांनी हसत हसत आपल्या दिवाणखान्यात आणून ठेवले. वडिलोपार्जित वास्तूचे पुढे काय करायचे? सुनेने कोणासमोर किती बोलावे? पाच मुली असलेल्या बापाने स्वतःला अभागी समजावे काय? थोरल्यांचा शब्द कुठपर्यंत अखेरचा मानावा? या प्रश्नांना विनोदाने काय उत्तर दिले आणि कुठे नुसतीच वेळ मारून नेली, हे पाहण्यासारखे आहे.

एक घर, तीच माणसे

प्रसंगप्रधान विनोदी मालिकेची घडण ठरलेली असते. एक घर, त्यातील चार-सहा माणसे आणि प्रत्येकाचा एक पक्का स्वभाव. दर भागात बाहेरून काहीतरी नवे आत येते. एखादा पाहुणा येतो, एखादी वस्तू येते किंवा एखादी कल्पना येते. तिच्यामुळे घरात गोंधळ उडतो आणि अर्ध्या तासाच्या अखेरीस सारे पुन्हा जागच्या जागी बसते. कौटुंबिक नाट्यमय मालिकेला घर मोडण्याची भीती दाखवून प्रेक्षक बांधून ठेवावा लागतो. विनोदी मालिका त्याच्या उलट भरवसा देते की, कितीही भांडलात तरी हे घर मोडणार नाही. या भरवशामुळेच तिला अवघड विषयाला हात घालता येतो. प्रेक्षक निर्धास्त असतो आणि निर्धास्त माणूस नवे ऐकून घेतो.

१९८४ साली दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाली. हिंदीतील नामवंत व्यंगलेखक शरद जोशी यांचे लेखन, कुंदन शहा प्रभृतींचे दिग्दर्शन, शफी इनामदार आणि स्वरूप संपत हे नवराबायको, राकेश बेदी हा बायकोचा भाऊ आणि दर भागात नव्या सोंगात येणारे सतीश शहा. आज ते भाग पाहिले तर त्यात क्रांतिकारक असे काहीच दिसणार नाही. परंतु पतिपत्नी बरोबरीच्या नात्याने एकमेकांची थट्टा करतात आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही, हे दृश्य अनेक घरांनी सहकुटुंब बसून प्रथमच पाहिले. ज्या घरांत सासऱ्यांसमोर सून पतीशी मोकळेपणाने बोलत नसे, त्या घरांत सासरे आणि सून दोघेही तेच दृश्य पाहून हसत होते.

मुली, सासू आणि सून

१९९५ मध्ये झी टीव्हीवर आलेल्या ‘हम पाँच’ने पुढचे पाऊल टाकले. आपले अशोक सराफ त्यात पाच मुलींचे त्रस्त वडील झाले होते. पहिली पत्नी दिवंगत झालेली, पण भिंतीवरील तसबिरीतून ती पतीशी बोलत असे, आणि ही भूमिका प्रिया तेंडुलकर यांची होती. या घरात मुलगा नव्हता. तत्पूर्वीच्या किती चित्रपटांत आणि नाटकांत ही एकच गोष्ट शोकांतिकेला पुरली असती! इथे वडील हैराण आहेत ते मुलींच्या खोड्यांमुळे. मुलगा नसल्याचे दुःख हा कथेचा कणा नाही. तरीही मालिकेची मर्यादा नोंदवली पाहिजे. थोरली मीनाक्षी स्त्रीहक्कांविषयी बोलते, आणि तिचे ते बोलणेच पुष्कळदा हास्याचा विषय केले जाते. म्हणजे एका हाताने जुनी समजूत सैल करायची आणि दुसऱ्या हाताने नव्या विचाराला टपली मारायची, असे दोन्ही व्यवहार एकाच मालिकेत चालत. विनोदी मालिकांचा हा जुना स्वभाव आहे.

त्याच दशकात सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘तू तू मैं मैं’ लोकप्रिय झाली. रीमा लागू सासू आणि सुप्रिया पिळगांवकर सून. दोघी तोडीस तोड. आज एकीची सरशी, उद्या दुसरीची. इथे भांडण होते, पण छळ नव्हता. सुनेला उत्तर देण्याचा अधिकार आहे हे गृहीत धरूनच सारा विनोद उभा होता. पुढे २००० साली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ आली आणि गुजराती व्यापारी कुटुंबाचा भव्य वाडा घराघरांत पोहोचला. त्यातील सून सहनशील, त्यागी आणि आदर्श होती. दोन्ही मालिकांचा विषय सासू-सुनेचे नाते हाच होता. तथापि घरात सुखाने नांदायला कोणती सून अधिक सोयीची, सोसणारी की बोलणारी, या प्रश्नाला त्यांनी वेगवेगळी उत्तरे दिली. प्रतिष्ठा पहिलीला अधिक मिळाली. मनातले बोलून दाखवणाऱ्या सुनेच्या घरात मात्र गैरसमज फार दिवस साठून राहत नाहीत, हे दुसरीने दाखवून दिले.

वाडा विकायचा की नाही

आपल्या वाचकांना सर्वांत जवळची वाटावी अशी मालिका म्हणजे २००२ सालची ‘खिचडी’. जे. डी. मजेठिया आणि आतिश कपाडिया यांच्या या मालिकेतील पारेख कुटुंब जुन्या वाड्यात राहते. प्रफुल आणि हंसा यांच्या भाबड्या मूर्खपणावर आपण इतके हसलो की मालिकेचा मूळ धागा विसरून गेलो. या कुटुंबाला वाडा विकून, पैसा घेऊन वेगळे व्हायचे आहे. बाबूजींची त्यास संमती नाही. ज्याला जायचे त्याने खुशाल जावे, असे ते सांगतात. कोणीच जात नाही. बाबूजी राजी होतील किंवा त्यांचे डोळे मिटतील, तोपर्यंत सारे एका छपराखाली थांबून राहतात.

क्षणभर हसू बाजूला ठेवून या मांडणीकडे पाहावे. एकत्र कुटुंबाचा गौरव आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. एक चूल, एक गल्ला, एक खातेवही हे आपले अभिमानाचे शब्द. ‘खिचडी’ने विचारले की, ही माणसे एकत्र आहेत ती प्रेमामुळे की वाटणी अडल्यामुळे? इतका बोचरा प्रश्न गंभीर मालिकेत विचारला असता, तर निम्म्या घरांनी वाहिनी बदलली असती. आणि मालिकेचे उत्तरही गमतीचे आहे. वाटणीची वाट पाहता पाहता या माणसांना एकमेकांची इतकी सवय होते की, वेगळे झाल्यावर ती काय करतील याची कल्पनाच करवत नाही. स्वार्थ आणि जिव्हाळा एकाच घरात, एकाच माणसात शेजारी शेजारी नांदू शकतात, हे व्यापारी घरांत जन्मलेल्या कोणालाही निराळे सांगायला नको. बाबूजींची बाजूही तितकीच विचार करायला लावणारी आहे. वास्तू हाती ठेवली म्हणजे माणसेही हाती राहतात, असा त्यांचा हिशेब. तो चुकीचा म्हणवत नाही आणि पुरता बरोबर आहे असेही म्हणवत नाही.

याच घरातील जयश्री ही विधवा सून आहे. ती रंगीत वस्त्रे नेसते, गप्पा मारते, घरातील प्रत्येक उचापतीत पुढे असते. तिच्या वैधव्यावर मालिका भाषण करत नाही. भाषण न करता तिला इतरांसारखीच एक म्हणून वागवते. आपल्या समाजात या बाबतीत पुष्कळ सुधारणा झाली असली, तरी मंगलकार्यात मागे उभी राहणारी भगिनी आजही एखाद्या घरी दिसते. जयश्रीला मागे उभे राहा असे पारेखांच्या घरी कोणी म्हणत नाही.

काटकसरीची थट्टा

२००४ मधील ‘साराभाई वर्सेस साराभाई’ने निराळी दुखरी नस पकडली. कफ परेडच्या उच्चभ्रू घरातील माया साराभाईला आपली सून मोनिषा ‘मिडल क्लास’ वाटते. मोनिषा घासाघीस करते, सवलतीत वस्तू आणते, उरलेले टाकून देत नाही. सासू तिला टोचून बोलते, आणि आपण हसतो. पण कोणाला हसतो? लेखणीचा रोख मायाच्या तोऱ्यावर आहे, हे लक्षपूर्वक पाहणाऱ्याला कळते. तथापि नव्याने श्रीमंत झालेल्या घरातील मुले मायाची वाक्ये पाठ करून आजीच्या काटकसरीवर फेकू लागली, तर तोच विनोद उलटा लागू पडतो. पै-पैचा हिशेब ठेवून ज्या पिढीने पेढी उभी केली, तिची ती रीत पुढच्या पिढीला लाजिरवाणी वाटावी, ही आपल्या घरांतील खरी वेदना आहे. पहिल्या प्रसारणात या मालिकेला फारसा प्रेक्षक लाभला नाही आणि २००६ मध्ये ती थांबली. पुढे मात्र तिचा चाहतावर्ग वाढत गेला आणि २०१७ साली इंटरनेटवर तिचे नवे पर्व आले.

हसणाऱ्याची बाजू कोणती, हा प्रश्न अमेरिकेत फार पूर्वी उपस्थित झाला होता. नॉर्मन लिअर यांची ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका १९७१ मध्ये तेथे सुरू झाली. तिचा नायक आर्ची बंकर कृष्णवर्णीयांविषयी, परकीयांविषयी आणि स्त्रियांविषयी पूर्वग्रह बाळगणारा. त्याच्या पूर्वग्रहांचे हसे व्हावे, हा निर्मात्याचा हेतू. १९७४ मध्ये विडमार आणि रोकीच या संशोधकांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा आढळले की ज्यांच्या मनात मुळातच पूर्वग्रह होते, त्यांना आर्ची आपलाच माणूस वाटत होता. विनोद एकच, पण प्रत्येकाने त्यातून आपल्याला हवे तेच घेतले. विनोदाने समाज आपोआप सुधारतो असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आरसा की धक्का

२००८ पासून चालू असलेल्या ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ला हाच निकष लावून पाहू. तारक मेहता यांच्या ‘चित्रलेखा’ साप्ताहिकातील गुजराती सदरावर आधारलेली ही मालिका चार हजारांहून अधिक भागांचा पल्ला ओलांडून गेली आहे. जेठालालचे दुकान, दुकानातील नोकर, वसुलीची चिंता, वडिलांपुढे खाली जाणारी मान, हे सारे आपल्याच गल्लीतले आहे. निरनिराळ्या प्रांतांची कुटुंबे एका सोसायटीत सलोख्याने राहतात, हा तिचा संदेशही मोलाचा आहे. परंतु ती जुन्या घडीला फारसा धक्का देत नाही. माधवी भिडे घरातून लोणची-पापडाचा व्यवसाय करते, ही त्यातल्या त्यात कौतुकाची गोष्ट. पोपटलालचे लग्न जमत नाही, हा मात्र वर्षानुवर्षे चाललेला विनोद. छोट्या गावांतील दुकानदारीत असलेल्या मुलांना आज स्थळे मिळणे कठीण झाले आहे, आणि ज्यांच्या घरी असा मुलगा आहे त्यांना हे हसू जड जाते. मुली शिकल्या, त्यांच्या अपेक्षा बदलल्या, मग सासरच्या घरानेही बदलायला नको काय, हा त्यामागचा खरा प्रश्न पोपटलालच्या छत्रीआड झाकला जातो.

याउलट ‘वागले की दुनिया’चे उदाहरण घ्यावे. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील हा साधा नोकरदार १९८८ मध्ये दूरदर्शनवर आला. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हे त्यातील दांपत्य. २०२१ मध्ये ही मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा तेच दोन कलावंत आजी-आजोबा झाले होते, आणि मुलाच्या भूमिकेत सुमीत राघवन होते. मधल्या तेहतीस वर्षांत बदललेला काळ एकाच कुटुंबात दिसावा, असा योग क्वचितच येतो. आपल्या मराठीत २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ने तीन पिढ्यांचे असेच चित्र काढले होते. दिलीप प्रभावळकरांचे आबा नातवंडांना उपदेश कमी करतात आणि त्यांचे निरीक्षण अधिक करतात. म्हणूनच नातवंडे त्यांच्यापाशी येऊन बसतात.

कोण हसत नाही?

ज्या काळात घरात एकच दूरचित्रवाणी संच होता, त्या काळात सारे एकत्र हसत. त्यामुळे कोण हसत नाही हेही दिसत असे. सुनेवरच्या विनोदाला सून गप्प बसली, नोकराच्या फजितीला पाणी घेऊन आलेला नोकर मान खाली घालून निघून गेला, तर जाणत्या माणसाच्या ते लक्षात येई. आज प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र मोबाईल आहे. आजोबा एका खोलीत हसतात, नात दुसऱ्या खोलीत हसते, आणि एकाचे हसू दुसऱ्याला ठाऊक नसते. विनोदी मालिका सहकुटुंब पाहण्यातला मोठा लाभ यामुळे हातचा गेला आहे.

म्हणून वाचकहो, आठवड्यातून एखादा तरी भाग सर्वांनी मिळून पाहण्याची प्रथा घरी पुन्हा सुरू करण्याजोगी आहे. दुकान बंद करून आल्यावरची अर्धी घटका त्यासाठी पुरे. कोणती मालिका पाहावी हे या वेळी नातवंडांना ठरवू द्यावे. एखादा विनोद कोणाला बोचला, असे दिसले तर भाग संपल्यावर त्याला सहज विचारावे. कित्येकदा वाड्याची, वाटणीची किंवा मुलीच्या पुढील शिक्षणाची जी गोष्ट वर्षभर कोणी काढली नाही, ती अशा वेळी पारेखांच्या किंवा साराभाईंच्या नावाने बोलता येते. दुसऱ्याच्या घराविषयी बोलत असल्यामुळे कोणाला राग येत नाही आणि आपल्या घरातील माणसाच्या मनात काय आहे, ते मात्र कळते.