टोपीकरांचे स्नेह, टोपीकरांचे वैर

बेंगळूरच्या जुन्या किल्ल्यात दिल्ली दरवाजाजवळ एक इंग्रजी शिलालेख आहे. मार्च १७९१ मध्ये इंग्रजांनी येथे तट फोडून हल्ला चढविला, एवढेच तो सांगतो. त्याच सुमारास परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज धारवाडला वेढा घालून बसली होती, निजाम त्याच युतीत सामील होता आणि ज्यांच्यावर टिपूने भिस्त ठेवली होती ते फ्रेंच स्वदेशातील राज्यक्रांतीत गुरफटले होते. यांपैकी कशाचीही त्या शिळेला वार्ता नाही. शिळेकडून तशी अपेक्षाही नाही. परंतु आपल्या वाङ्मयाभ्यासाने तरी शिळेची दृष्टी का पत्करावी?

युरोपचे अठरावे शतक हे पालटत्या मैत्रीचे शतक होय. ऑस्ट्रियाचे हॅप्सबर्ग आणि फ्रान्सचे बूर्बाँ यांचे वैर पिढीजात. तरीही १७५६ मध्ये ते एकत्र आले आणि इंग्लंड प्रशियाच्या बाजूस गेले. इतिहासकार या घटनेस ‘राजनैतिक क्रांती’ असे भारदस्त नाव देतात. इकडे नाना फडणिसांनी १७८० मध्ये हैदर व निजाम यांच्याशी इंग्रजांविरुद्ध युती केली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने हैदरची साथ सुटली. १७९० मध्ये तोच पुणे दरबार इंग्रज व निजाम यांच्यासह टिपूवर चालून गेला. यास मात्र आपण अदूरदृष्टी म्हणतो, क्वचित द्रोहही म्हणतो. व्हिएन्नाला जे धोरण, ते पुण्याला पाप कसे? १७९० च्या निर्णयाचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. दोन्ही ठिकाणी माप एकच असावे, इतकेच म्हणणे आहे.

युरोपशी मराठीचा परिचय एकोणिसाव्या शतकात, छापखाना आणि शाळा यांच्या द्वारे झाला, असे आपण शिकवीत आलो. वस्तुतः रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने अठराव्या शतकाच्या आरंभीच फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार असे टोपीकरांचे भेद नोंदविले, आणि हे केवळ सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी राजसत्ता आहेत, असे बजावले. १७७७ मध्ये सेंट लुबिन हा फ्रेंच पुण्यास आला, तेव्हा नानांनी त्याचा आदर केला तो इंग्रजांस शह देण्यासाठीच. वैराची जाण होती. उणीव होती ती वेळेवर मिळणाऱ्या वार्तेची. युरोपातील तहाची बातमी जून १७८३ च्या अखेरीस कडलूरला पोचताच बुसीने लढाई थांबविली, आणि मंगळूरच्या वेढ्यातील फ्रेंचही टिपूस सोडून गेले. मॅलेट १७८६ पासून पुण्यात राहून दरबाराची नाडी पाहत होता. लंडनला पुणे दरबाराचा तसा कायम वकील नव्हता. राघोबादादांचे हणमंतराव १७८१ मध्ये तेथे पोचले खरे, पण ते एका पक्षाच्या कामासाठी.

या घडामोडींचे मराठी गद्य पत्रांत आहे. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे प्रसिद्ध केली. परंतु ती इतिहासाच्या कपाटात राहिली. हे वाङ्मय नव्हे, असा आक्षेप येईलच. कालच्या शत्रूस आज कोणत्या मायन्याने संबोधावे, किती सांगावे आणि किती सूचित करून थांबावे, हा शैलीचा प्रश्न नव्हे तर कोणता?

मात्र ही पत्रे एकट्या मराठीत वाचणेही पुरेसे नाही. १७९१ च्या याच मोहिमेत मराठी फौजेतील स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेच्या मूर्तीची पुनःप्रतिष्ठा व्हावी म्हणून टिपूने तेथील स्वामींस कन्नड पत्रे लिहिली. ती १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे रा. नरसिंहाचार यांना मठात आढळली. केवळ आपले दप्तर वाचणाऱ्यास ही मोहीम एक दिसते, शृंगेरीची पत्रे वाचणाऱ्यास दुसरी. पहिले वाचन सोयीचे असते. दुसरे मराठी वाचकास टोचते, आणि म्हणूनच ते आवश्यक आहे. टोपीकरांच्या वैराचा लाभ घेऊ पाहणाऱ्या दरबारांनी परस्परांचे काय केले, हे त्यातूनच उमगते.

तुलनात्मक साहित्याच्या आपल्या अभ्यासक्रमांत युरोपीय कादंबरीचा प्रभाव शोधण्यास जागा आहे. तेथेच अठराव्या शतकातील मराठी, कन्नड व फारसी पत्रांच्या एकत्र वाचनास एक प्रश्नपत्रिका द्यावी, मोडीचे वाचन तिचा भाग करावा, आणि हे काम बेंगळूरसारख्या नगरीत आरंभावे. शहाजीराजांची जहागीर, म्हैसूरकरांचा किल्ला आणि इंग्रजांची छावणी या तिन्हींच्या खुणा जेथे आहेत, तेथे एका भाषेचा इतिहास पुरा पडत नाही.