एक्सप्लेनर : सगळेच सूत्रकृमी वैरी नसतात, औषधाआधी माती तपासा

अकोट तालुक्यात संत्र्याचं झाड शेंड्याकडून वाळू लागलं, फळं बारीक राहिली, की 'सूत्रकृमी असतील' असं कोणीतरी म्हणतंच. मग पावलं थेट कृषी केंद्राकडे वळतात. आमचं म्हणणं, दुकानाआधी तपासणी व्हावी.

सूत्रकृमी म्हणजे धाग्यासारखा, बहुधा मिलिमीटरहून लहान प्राणी. सगळेच मुळांवर जगत नाहीत. काही बुरशी खातात, काही दुसऱ्या सूत्रकृमींना, आणि बरेचसे जिवाणूंना. पिकाच्या कामाचे हेच. शेणखत कुजवताना जिवाणू त्यातलं नत्र स्वतःच्या अंगात साठवतात. तिथे अडकलेलं नत्र झाडाला मिळत नाही. जिवाणूत साधारण पाच भाग कर्बामागे एक भाग नत्र असतं, सूत्रकृमीला दहा भागांमागे एक पुरतं. म्हणून जिवाणू खाल्ल्यावर जास्तीचं नत्र तो अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो आणि ते मुळांना मिळतं. फुकटचा युरियाच म्हणा. थोडा, पण रोजचा.

वैरीही आहेतच. संत्र्यावरच्या सूत्रकृमीची मादी तोंडाकडचा भाग तंतुमुळात रुतवून बसते. तिच्या चिकट स्रावाला माती धरते, त्यामुळे मूळ धुतलं तरी मळकट दिसतं. पानवेल, वांगी, टोमॅटोच्या मुळांवर दुसऱ्या जातीमुळे गाठी येतात. तूर-हरभऱ्यावरच्या नत्राच्या गाठी नखाने सुटतात, या सुटत नाहीत. ते मूळच सुजलेलं असतं.

दाणेदार विषाला मित्र-वैरी कळत नाही. फोरेटवर (गावात थिमेट) ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. त्याजागी दुसरं औषध घेतलं, तरी कोणते सूत्रकृमी आणि किती, हा प्रश्न उरतोच.

२०१५ साली आलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत त्याचं उत्तर नाही. सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश धरून बारा घटक. मातीतला जीव एकही नाही. शिवाय तो नमुना वाळवून देतात, म्हणजे सूत्रकृमी मोजायची सोयच संपली. संत्रा पट्ट्यात तरी तेरावा रकाना हवा. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था यांना सोबत घेऊन कृषी विभागाने अकोटलाच नमुने स्वीकारावेत.

तोवर एवढं करा. झाडाच्या घेराखालची ओलसर माती आणि मूठभर तंतुमुळं प्लास्टिकच्या पिशवीत भरा. उन्हात ठेवू नका. पिशवीवर गट नंबर, पीक, तारीख लिहा आणि विद्यापीठात आधी फोन करूनच न्या.