ओघ आणि अलंकार

गेल्या महिन्यांत या सदरांत शिलाईच्या यंत्राची निगा कशी राखावी याविषयीं लिहिलें, त्यावर वाचकांचीं आणि विशेषतः भगिनींचीं पुष्कळ पत्रें आलीं. त्यांपैकीं बऱ्याच पत्रांच्या शेवटीं, जातां जातां विचारावा तसा, एक निराळाच प्रश्न आहे. घरांतील मुलगा किंवा नातू संगणकावर दूरदूरच्या गड्यांशीं नेमबाजीचे खेळ खेळतो. ऐन मोक्याच्या क्षणीं खेळ अडखळतो म्हणून चिडतो. आणि शेवटीं ‘नवें ग्राफिक कार्ड घेऊन द्या’ असा हट्ट धरून बसतो. कार्डाची किंमत ऐकून आजोबा ‘हीं सोंगें बंद करा’ म्हणतात, आई दोघांच्या मध्यें सांपडते, आणि जेवणाच्या पानावरसुद्धां तोच वाद निघतो. एका भगिनींनीं स्पष्टच विचारलें आहे कीं, मुलीच्या महाविद्यालयाच्या शुल्कासाठीं बाजूला ठेवलेल्या रकमेंतून हें कार्ड आणावें असें घरांत घाटत आहे. तर तें खरोखर आवश्यक आहे काय?

खेळ चांगला कीं वाईट, हा आजचा विषय नव्हे. मुलानें किती वेळ खेळावें हें ज्याच्या त्याच्या घरानें ठरवावें. मात्र पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ आणि कौशल्याच्या स्पर्धेचे ई-स्पोर्ट्स यांत 2025 च्या ऑगस्टमध्यें संसदेनें संमत केलेल्या कायद्यानें स्पष्ट भेद केला आहे. पहिले निषिद्ध आणि दुसरे मान्य. आपला मुलगा यांपैकीं कोणत्या वाटेनें चालला आहे हें आधीं पाहावें. पुढचा प्रश्न केवळ यंत्राचा आहे, आणि यंत्राचा प्रश्न रागानें सुटत नाहीं, पैशानेंही सहसा सुटत नाहीं. तो परीक्षेनें सुटतो.

खेळ अडखळतो म्हणजे नेमकें काय होतें? प्रभातचे बोलपट आपल्या वडीलमंडळींनीं पाहिले. त्यांत एका सेकंदास 24 चित्रें डोळ्यांपुढून सरकत, आणि तेवढ्यानें हालचालीचा भास पुरा होई. परंतु बोलपटाचीं चित्रें आधींच काढून ठेवलेलीं असतात. संगणकाच्या खेळांत तसें नाहीं. खेळणारा उजवीकडे वळला कीं उजवीकडचें दृश्य यंत्रानें त्याच क्षणीं नव्यानें रंगवावयाचें असतें. सेकंदास 60 चित्रें हवीं असतील तर एका चित्रास 16.7 मिलिसेकंद मिळतात. 144 हवीं असतील तर 7 सुद्धां मिळत नाहींत. पापणी लवण्यास याच्या अनेक पट वेळ लागतो. ठरल्या अवधींत चित्र तयार झालें नाहीं कीं जुनेंच चित्र पडद्यावर राहतें, आणि मुलगा म्हणतो, ‘अडकलें!’ या चित्रांस खेळाडूंच्या भाषेंत फ्रेम म्हणतात.

येथें एक गोष्ट पक्की ध्यानांत धरावी. सरासरी मोठी असणें आणि ओघ अखंड असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. आम्हां भाटघरच्या लोकांस हें निराळें सांगावें लागत नाहीं. येळवंडी नदीवरील आमच्या धरणांतून सुटलेलें पाणी नीरेच्या पात्रानें वीरला जातें, आणि तेथून डावा कालवा बारामती-इंदापुराकडे व उजवा फलटण-माळशिरसाकडे जातो. कालव्याच्या शेवटीं असलेल्या शेतकऱ्यास धरणांत एकूण पाणी किती आहे याचा उपयोग नसतो. आवर्तन ठरल्या दिवशीं, ठरल्या मापानें आलें पाहिजे. आठ दिवस पूर आणि आठ दिवस कोरडें, याची सरासरी उत्तम निघेल, पण ऊंस वाळेल. खेळाचेंही तसेंच आहे. मधून मधून 90 वरून 25 वर कोसळणाऱ्या यंत्रापेक्षां अखंड 60 चित्रें देणारें यंत्र हातास अधिक विश्वासाचें वाटतें.

आतां रोगनिदान. हा ओघ तीन ठिकाणीं अडूं शकतो. एक, हिशेब करणारा प्रोसेसर. दुसरें, चित्र रंगवणारें ग्राफिक कार्ड. तिसरें, गड्यांशीं जोडणारी इंटरनेटची वाट. या तिहींचीं लक्षणें वरवर सारखीं दिसतात, म्हणून बहुतेक घरीं दुसऱ्यावरच संशय जातो आणि तेथेंच पैसा खर्च होतो.

आमच्याच घरचें उदाहरण देतों. थोरला नातू पुण्यास शिकतो. मे महिन्याच्या सुट्टींत तो आपला संगणक घेऊन भाटघरास आला. त्याचा खेळ ‘काउंटर-स्ट्राइक 2’. हा खेळ सप्टेंबर 2023 मध्यें निघाला आणि 2012 पासून चालत आलेल्या जुन्या आवृत्तीची जागा त्यानें घेतली. जुनी आवृत्ति जेथें सुखानें चालत होती अशा पुष्कळ यंत्रांस नवी जड जाऊं लागली, आणि त्यांतच हें यंत्र होतें. दुकानदारानें ‘कार्ड बदला’ असा सल्ला दिलेला. किंमत तीस हजारांच्या घरांत. मीं म्हटलें, आधीं वही आण. एका पानावर तारीख घातली आणि परीक्षेस आरंभ केला.

पहिली परीक्षा सोपी आहे व ती कोणासही करतां येईल. या खेळाच्या सेटिंगमध्यें टेलिमेट्री नांवाचा भाग आहे. तेथून सेकंदास किती चित्रें निघतात तो आंकडा पडद्यावर आणतां येतो. एकच नकाशा, एकच जागा, तेच चालणें. असें करून आंकडा लिहावा. मग पडद्याचें रिझोल्यूशन, म्हणजे चित्र किती ठिपक्यांनीं भरावयाचें तें माप, कमी करून पुन्हां लिहावा. 1920 गुणिले 1080 म्हणजे 20,73,600 ठिपके. 1280 गुणिले 720 म्हणजे अवघे 9,21,600. रंगवण्याचें काम निम्म्याहून कमी झालें. यानें आंकडा वाढला तर भार कार्डावर होता असें समजावें. न वाढला तर कार्ड निर्दोष. अडचण प्रोसेसरकडे आहे.

आमच्या वहींत पहिला आंकडा 45 होता आणि रिझोल्यूशन उतरवल्यावरही तो 46 च राहिला. म्हणजे तीस हजारांचें कार्ड आणलें असतें तरी तें रिकामें बसून राहिलें असतें! यंत्र बंद करून, वीज तोडून, झांकण उघडलें. प्रोसेसरवरील पंख्याच्या जाळींत धुळीचा थर नमद्यासारखा बसलेला. प्रोसेसर फार तापला कीं स्वतःस जपण्यासाठीं आपली गति आपणच उतरवतो. तेंच चाललें होतें. मऊ कुंचल्यानें धूळ काढली, विजेच्या सेटिंगमध्यें ‘बेस्ट परफॉर्मन्स’ निवडलें, खेळतांना मागें चालणारीं निरुपयोगी कामें बंद केलीं. आंकडा 70 झाला. मग पुन्हां रिझोल्यूशनची परीक्षा घेतली, तेव्हां मात्र तो 110 पर्यंत चढला. प्रोसेसरची अडचण दूर झाल्यावर आतां खरोखरच कार्डाची पाळी आली होती. कालव्याचा एक अरुंद भाग रुंद केला कीं पुढचा अरुंद भाग दिसूं लागतो, तसेंच हें.

कार्डाचा भार कमी करावयाचा तर चित्रांतील कोणते अलंकार उतरवावे, हा यापुढचा विचार. संस्कृत वाचलेल्यांस येथें अकराव्या शतकांतील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र आठवेल. अलंकाराचें मोल तो कोठें घातला आहे यावर ठरतें, कमरेची मेखला गळ्यांत घातली तर हंसें होतें, हा त्याच्या औचित्यविचाराचा गाभा. खेळाच्या सेटिंगांस तोच नियम लावावा.

पहिला अलंकार अँटी-अलायझिंग. तिरप्या रेषांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात, त्या गुळगुळीत करण्याचें हें काम. 8 पटीवरून 2 पटीवर आणलें तरी शत्रु तितकाच दिसतो आणि कार्डाचा श्वास मोकळा होतो. दुसरा, अँबियंट ऑक्लूजन, म्हणजे कानाकोपऱ्यांतील मंद काळोखी. ती बंद केल्यानें दृश्य थोडें सपाट होतें, बिघडत कांहींच नाहीं. तिसरा, मोशन ब्लर, म्हणजे वळतांना दृश्य मुद्दाम धूसर करणें. हा ज्या खेळांत असेल तेथें निःशंक बंद करावा, कारण नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांवर पदर ओढण्याचाच तो प्रकार आहे. धूर, ठिणग्या, प्रतिबिंबें यांचा बारीकपणाही कमींत कमी ठेवावा.

सावल्यांच्या बाबतींत मात्र सावध असावें. सावली रंगवणें हें फार जड काम, म्हणून तीच आधीं काढावी असें मुलें एकमेकांस सांगतात. पण नातवाच्या या खेळांत भिंतीआडून येणाऱ्या शत्रूची सावली त्याच्या आधीं दिसते. तेथें सावली हा अलंकार नव्हे, ती चाहूल आहे. तिचा दर्जा मध्यम करावा, ती समूळ काढूं नये. उलट टेक्स्चर, म्हणजे भिंती-जमिनीवरील पोत, हे मुख्यतः कार्डाच्या स्मृतींत जागा अडवतात. तेथें जागा पुरेशी असेल तर ते कमी केल्यानें गति फारशी वाढत नाहीं. जागा अपुरी असेल तर मात्र खेळ झटके देतो, आणि तेव्हां ते कमी करावे.

व्ही-सिंक नांवाचें बटण पडद्याची आणि कार्डाची लय जुळवतें. त्यानें चित्र मधोमध फाटल्यासारखें दिसत नाहीं, पण हात हलल्यापासून दृश्य हलेपर्यंतचा विलंब वाढतो. नेमबाजीच्या खेळांत म्हणून तें बहुधा बंद ठेवतात. तसेंच पडद्याची स्वतःची गति पाहावी. पुष्कळ घरीं 144 हर्ट्झचा पडदा घेतात आणि विंडोजमध्यें तो 60 वरच चालत राहतो. डिस्प्लेच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागांत जाऊन तें पाहतां येतें. आणि पडद्याची तार मुख्य बोर्डाच्या भोंकांत न खुपसतां कार्डाच्याच भोंकांत बसवली आहे ना, हेंही वांकून पाहावें. तार चुकली तर कार्ड असूनही बहुधा नसल्यासारखेंच होतें.

एका वेळीं एकच बदल करावा, मग मोजावें, मग लिहावें, हा नियम आम्हीं पाळला. चार दिवसांत आंकडा 95 च्या आसपास ठरला. नातवाचा पडदा 75 हर्ट्झचा असल्यानें फ्रेमची मर्यादा 75 वर बांधली. ओघ स्थिर झाला आणि यंत्रही कमी तापूं लागलें. एकूण खर्च कुंचल्याचा.

तिसरी वाट राहिली, इंटरनेटची. गोळी लागली असें दिसतें आणि गडी पडत नाहीं, किंवा गडी जागच्या जागीं उडी मारल्यासारखा सरकतो, पण चित्रांचा आंकडा उत्तम असतो. अशा वेळीं ग्राफिकच्या सेटिंगांस हात लावण्यांत अर्थ नाहीं. पिंग नांवाचा आंकडा पाहावा. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें 2,00,000 किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूर सुमारें 3,900 किलोमीटर. तेव्हां तेथील सर्व्हरशीं जाण्यायेण्यासच 39 मिलिसेकंद लागणार, आणि प्रत्यक्षांत वळणांच्या मार्गामुळें अधिक. मुंबईचा सर्व्हर निवडला तर हें अंतर भाटघरकरास जवळजवळ नाहींसेंच होतें. ‘व्हॅलोरंट’ या खेळानें 2020 मध्यें मुंबईस सर्व्हर आणले ते याचसाठीं. घरांत वाय-फायऐवजीं तारेनें जोडणी केली, आणि त्याच वेळीं माजघरांत कोणी मालिका पाहत नसेल, तर झटके आणखी कमी होतात.

हें सर्व परदेशांतील खूळ आहे, आपला त्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ पुण्यांत 2008 पासून आहे, आणि ‘इंडस’ हा नेमबाजीचा खेळ पुण्याच्याच सुपरगेमिंग या मंडळींनीं 2024 च्या ऑक्टोबरांत मोबाइलवर आणला. भोरपासून दोन तासांच्या वाटेवर आपलींच मुलें या विद्येवर पोट भरीत आहेत. जुन्या यंत्रावरही आपला खेळ चालावा म्हणून खेळ करणारे लोक अलंकारांच्या अनेक पायऱ्या ठेवतात. त्या पायऱ्यांचा उपयोग न करतां थेट दुकानांत जाणें, हें ग्रंथ न उघडतां नवी आवृत्ति मागण्यासारखें आहे.

पत्र पाठवणाऱ्या भगिनींस माझें उत्तर असें: मुलीच्या शुल्काच्या रकमेस हात लावूं नये. मुलास वही द्यावी आणि पंधरा दिवसांची परीक्षा लिहून दाखव म्हणावें. रिझोल्यूशन उतरवूनही आंकडा चढत नसेल तर कार्डाचा प्रश्नच उरत नाहीं. चढत असेल, आणि अलंकार उतरवूनही ओघ अपुराच राहत असेल, तर कार्डाची मागणी खरी आहे. मग ती मुलाच्या स्वतःच्या बचतीनें आणि सवडीनें पुरी व्हावी. ‘नाहीं’ या शब्दापेक्षां वहींतला आंकडा मुलास लवकर पटतो, आणि बहिणीच्या पैशावर आपण डोळा ठेवला होता हें न बोलतां त्यास उमगतें.

आजोबांसही एक विनंति. परीक्षेच्या वेळीं नातवाशेजारीं खुर्ची ओढून बसावें आणि आंकडे स्वतः लिहावे. खेळ कळला नाहीं तरी चालेल. कशाचा त्याग केला असतां काय लाभतें हें मोजून पाहण्याची संवय मुलास एकदां लागली कीं ती त्या पडद्यापुरती राहत नाहीं.

पुढील अंकीं पावसाळ्यांतील वीज आणि घरांतील इन्व्हर्टरची बॅटरी यांविषयीं.