डिस्ट्रो कोणता? आधी रॅम किती ते सांग!

आमच्या होस्टेलवर दोन वाद कधीच मिटत नाहीत. एक, साताऱ्याचे कंदी पेढे भारी की सांगलीचं भडंग. (मी साताऱ्याची, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं!) दुसरा, लिनक्सचा कोणता डिस्ट्रो टाकायचा. पहिल्या वादात निदान खायला तरी मिळतं.

दुसऱ्या वादात मात्र हल्ली खरंच कुणाचं तरी नुकसान होतंय. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आता फर्स्ट इयरला आलेल्या कितीतरी जणींकडे घरच्यांनी उसाच्या बिलातून घेऊन दिलेला सेकंडहँड लॅपटॉप असतो, चार जीबी रॅमचा. त्यांच्यासाठी लिनक्स म्हणजे हौस नाही, गरज आहे. अशी एखादी सल्ला विचारायला आली की सीनियर्स काय सांगतात? "आर्च टाक लगा, सगळं शिकशील!" अहो, पोहायला शिकवायचं म्हणून कुणी कृष्णेच्या पुरात ढकलतं का? दोन दिवस वायफाय चालत नाही, सबमिशन तोंडावर येतं, आणि ती गुपचूप पायरेटेड विंडोज टाकून मोकळी होते.

माझं स्पष्ट मत आहे, नवीन माणसानं डिस्ट्रोपेक्षा डेस्कटॉप आधी निवडावा. मिंट उबंटूवर उभा आहे, उबंटू डेबियनवर. तिन्हीकडे सॉफ्टवेअर टाकायची कमांड तीच. रोज डोळ्यांसमोर असतो तो ग्नोम, केडीई, सिनॅमन नाहीतर एक्सएफसीई. चार जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. दिसायला साधी आहे, मान्य. आठ जीबी असेल तर सिनॅमन. विंडोजची सवय असलेल्याला त्यात मेनू शोधत बसावं लागत नाही. मला स्वतःला ग्नोम आवडतो. पण २०११ मध्ये ग्नोम ३ आला तेव्हा तो भल्याभल्यांना पचला नाही, म्हणून तर माते आणि सिनॅमन जन्माला आले! अर्थात ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे ठेवलेत, तर चार जीबीवर कुठलाच डेस्कटॉप वाचवणार नाही.

टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून पाहा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का. मराठी कीबोर्ड लावून "दुसऱ्या" टाइप करून बघा. (मी कॉन्व्हेंटची, हा लेख आईनं तपासलाय, पण हा शब्द मीच टाइप केलाय!)

आणि शेजारी कोण आहे तेही बघा. सांगलीत वालचंद कॉलेजमध्ये अख्खा लिनक्स युजर्स ग्रुप आहे, पण सगळीकडे असं नशीब नसतं. तुमच्या मजल्यावर फेडोरा येणारी एकच मुलगी असेल आणि ती रात्री दोनला दार उघडत असेल, तर माझं मिंट-पुराण विसरा आणि बिनधास्त फेडोरा टाका.

बाकी मिंटचा पेनड्राइव्ह माझ्याकडे आहे. न्या, पण परत आणून द्या.