एका दिवसाचे पंतप्रधान आणि सात वर्षांचं अंतरिम सरकार: दादरा-नगर हवेलीत काय घडलं होतं?

बांगलादेशात विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं, ऑगस्ट 2024 मध्ये शेख हसीना देश सोडून गेल्या आणि मोहम्मद युनूस यांच्याकडे सूत्रं आली. सप्टेंबर 2025 मध्ये नेपाळमध्ये तरुण रस्त्यावर उतरले, के. पी. शर्मा ओली यांना राजीनामा द्यावा लागला आणि माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या.

जुनं सरकार लोकांनी घालवलं, हे खरं. पण नव्या सरकारला तरी मत कुणी दिलं होतं? आणि ते जाणार कधी?

हे प्रश्न आपल्यालाही नवे नाहीत. पालघर जिल्ह्याला लागून असलेल्या दादरा-नगर हवेलीत असाच कारभार तब्बल सात वर्षं चालला. तो आणण्यात पुण्या-मुंबईच्या मराठी मंडळींचा मोठा वाटा होता.

1954 मध्ये काय झालं?

भारत स्वतंत्र झाला तरी दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांकडेच होते. 491 चौरस किलोमीटर, 72 गावं आणि चहूबाजूंनी भारत. दमणहून इथे यायचं तर भारताच्या हद्दीतूनच यावं लागे. लोकवस्ती मुख्यतः वारली, कोकणा, धोडिया अशा आदिवासींची.

जुलै 1954 मध्ये युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सने दादरा घेतलं. मग आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते पुढे सरकले आणि 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. गायक-संगीतकार सुधीर फडके आणि शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे या लढ्यात होते. लढ्याच्या निधीसाठी लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला होता. कम्युनिस्ट कार्यकर्तेही या भागात उतरले होते. म्हणजे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे इथे एकाच शत्रूविरुद्ध उभे होते.

मग कारभार कुणी चालवला?

भारताने हा प्रदेश लगेच आपल्यात घेतला नाही. 'मुक्त दादरा-नगर हवेली' या नावाने प्रशासक आणि वरिष्ठ पंचायत कारभार पाहू लागले. पोर्तुगालने डिसेंबर 1955 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालय गाठलं. आमच्याच प्रदेशात जायला भारत वाट देत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

निकाल 12 एप्रिल 1960 ला लागला. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा नव्हता. 1954 मध्ये वाट अडवून भारताने नियम मोडला नाही, असंही न्यायालय म्हणालं.

पुढच्या वर्षी वरिष्ठ पंचायतीने भारतात विलीन होण्याचा ठराव केला. पण करारावर पंडित नेहरूंच्या समोर सही करणार कोण? त्यासाठी के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं दादरा-नगर हवेलीचं पंतप्रधान केलं गेलं. 11 ऑगस्ट 1961 ला हा प्रदेश भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला.

गोष्ट इथे संपते का?

एका दिवसाच्या पंतप्रधानांचा किस्सा आपण चवीने सांगतो. पण ज्यांच्या नावाने हे सगळं झालं, त्या आदिवासींना मत कधी मिळालं? विलीनीकरणानंतरही लोकसभेतली इथली जागा आधी राष्ट्रपतींनी नेमलेल्या सदस्याने भरली. खासदार निवडण्यासाठी थेट मतदान झालं 1967 मध्ये, मुक्तीनंतर 13 वर्षांनी. आणि आदिवासींचा खरा प्रश्न होता जमिनीचा. त्यासाठीचा जमीन सुधारणा कायदा यायला 1971 उजाडलं.

झेंडा बदलायला काही दिवस पुरले. सत्ता खाली झिरपायला दीड दशक लागलं. मुक्तीचा लढा खोटा होता, असा याचा अर्थ नाही. पण लढणाऱ्यांनी लोकांच्या वतीने बोलणं वेगळं आणि लोकांनी स्वतः बोलणं वेगळं.

आज काय पाहायचं?

अंतरिम सरकारचा प्रमुख किती सज्जन आहे यावर आपण तासन्‌तास वाद घालतो. त्याआधी तारीख विचारायला हवी. कार्की आल्या तेव्हाच 5 मार्च 2026 ही निवडणुकीची तारीख ठरली. बांगलादेशात युनूस आले ऑगस्ट 2024 मध्ये, तर मतदानासाठी फेब्रुवारी 2026 ठरला. दरम्यान निवडणूक आधी की सुधारणा आधी, यावर वाद रंगत राहिला.

तारीख का महत्त्वाची, हे चऱ्होलीकरांना वेगळं सांगायला नको. इथे ना उठाव झाला, ना सरकार पडलं. तरी मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर पिंपरी-चिंचवड महापालिकेत प्रशासक आले आणि मतदानाला 15 जानेवारी 2026 उजाडलं. जवळपास चार वर्षं रस्ता, पाणी, कचरा यांसाठी जाब विचारायला हक्काचा नगरसेवकच नव्हता.

'तात्पुरतं' हा शब्द फार लवचीक आहे. त्याच्यापुढे तारीख नसेल, तर तो हवा तेवढा ताणता येतो.