रोजा डोळ्यांचाही असतो

परवाची गोष्ट. मग्रिबच्या अजानला पाचेक मिनिटे होती. दस्तरखानावर खजूर, फळे मांडली होती आणि समोर टीव्हीवर युद्धाच्या बातम्या चालू होत्या. पडद्यावर एक माणूस रस्त्यात कोसळला. माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने सहज विचारले, ‘‘मामू, याच्या अजून किती लाइफ बाकी आहेत?’’

मुलगा वाईट नाही. तरावीहनंतर मदनपुऱ्यात जिन्यावर, ओट्यावर मोबाइलमध्ये डोके घालून ‘मार, मार’ ओरडणाऱ्या मुलांपैकीच तो एक. लालबाग-परळच्या चाळींतही चित्र वेगळे नाही.

जानेवारी २०१९ मध्ये मुंबईतल्याच एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत उच्च न्यायालयात याचिका केली होती. ‘पबजी’ हिंसेला उत्तेजन देतो, त्यावर बंदी आणा, ही त्याची मागणी. मोठ्यांनी बोलायचे ते लेकराला बोलावे लागले. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने ११८ अ‍ॅप बंद केली, त्यात पबजीही होता. पण कारण दिले गेले देशाच्या सुरक्षेचे आणि माहितीच्या गोपनीयतेचे. मुलांच्या मनाचे नव्हे. पुढच्याच वर्षी तसाच खेळ नव्या नावाने आला. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती आणि दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली. मात्र मोबाइल आईचा, संमतीचा ओटीपीही त्याच मोबाइलवर, आणि मोबाइल मुलाच्या हातात!

असे खेळ खेळणारा प्रत्येक मुलगा गुन्हेगार होतो, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही २०२० मध्ये सांगितले की, प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर या खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही. आरडाओरडा, ढकलाढकली यांच्याशी मात्र थोडा संबंध दिसतो. माझी काळजी वेगळी आहे. समोर माणूस मरतो आणि मुलाला काहीच वाटत नाही, याची.

रोजा म्हणजे केवळ उपाशी राहणे नव्हे. डोळ्यांचा, कानांचा, जिभेचाही रोजा असतो. कुणी भांडायला आले तर ‘मी रोजेदार आहे’ एवढे सांगून बाजूला व्हावे, ही पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण. खेळात आधी गोळी झाडणारा जिंकतो. रोजात हात आवरणारा. हा सब्र मुलांना शिकवायचा कुणी? इफ्तारच्या वेळी टीव्ही तर आम्हीच लावला होता.

मी तो बंद केला. भाच्याला म्हटले, ‘‘बेटा, त्याला एकच लाइफ होती. आपल्यासारखीच.’’ तो गप्प झाला. अजान झाली, आम्ही रोजा सोडला. थोड्या वेळाने त्याने विचारले, ‘‘मामू, त्याच्या घरी कळलं असेल का?’’

हा प्रश्न विचारणारे मन अजून शाबूत आहे. ते जपायला कायदा अपुरा पडेल. घरातल्या मोठ्यांनाच वेळ द्यावा लागेल. निदान या महिन्यात इफ्तारपासून तरावीहपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवून मुलांजवळ बसू या. सुरुवात मोठ्यांच्या मोबाइलपासून व्हावी.