वीस युआनची नोट

मंडळी, चीनला निघाला असाल तर पैशांबद्दल माझं ऐका. आमचे चिरंजीव म्हणाले होते, "बाबा, तिथे नोटा कोण घेतं? फोन पुरे." २०२३ पासून अलीपे आणि वीचॅटला आपली परदेशी कार्डं जोडता येतात, हे खरंच. पण ली नदीकाठी शिंगपिंगला माझ्या फोनने मान टाकली आणि साध्या पाण्याच्या बाटलीची पंचाईत झाली. खिशात होती शंभराची लाल नोट. दुकानातल्या बाईंकडे सुटे नव्हते! रोख नाकारणं तिथे बेकायदेशीर आहे म्हणे. पण गल्लाच रिकामा, तिथे कायदा काय करणार? बिचारीने शेजारून नोट मोडून आणली.

तिथल्या चलनाचं नाव रनमिन्बी, म्हणजे 'जनतेचा पैसा'. त्याला जनतेनेच हात लावू नये, हे आम्हा म्हाताऱ्यांवर अन्यायाचं आहे. असो. पाच, दहा, वीसच्या नोटा जवळ ठेवाच; बँकेत मागून घ्या. दुकानदार 'क्वाय' म्हणाला तर तो युआनच समजा.

परत मिळालेल्या वीसच्या नोटेमागे समोरचेच डोंगर, तीच नदी! ती मात्र मी मोडली नाही.